दोन आठवड्यांची रजा आधी, सीट सोडायचं नंतर

पत्र: काकू, नमस्कार. मी बेळगावात जनरल सर्जरीत एमएस करतोय, सेकंड इयर. गाव खानापूर तालुक्यात, घरी ऊस आणि थोडं भात. सीट लागली तेव्हा गावात चौकात बोर्ड लावला होता माझ्या फोटोचा. इमर्जन्सी डेला सकाळी सातला आत गेलो की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर पडतो. सात-आठ किलो वजन उतरलंय. गेल्या महिन्यात एक पेशंट गेला, पर्फोरेशन होतं, म्हणजे पोटातलं आतडं फुटलेलं, फार उशिरा आणलेला, रात्रीच ऑपरेट केलं, तिसऱ्या दिवशी गेला. त्याच्या आदल्या रात्री त्याची बायको मला विचारत होती, 'डॉक्टर, तुम्ही जेवलासा काय', आणि तो गेल्यावर माझ्या डोक्यात एवढंच की डेथ समरी लवकर उरकली तर तासभर झोप मिळेल. मला काहीच वाटलं नाही. फर्स्ट इयरच्या एका मुलीवर वॉर्डात सगळ्यांसमोर ओरडलो, ती रडली, त्याचंही काही वाटलं नाही. गणपतीला दोन दिवस घरी गेलो तर आरतीला सुद्धा उठलो नाही, पहाटे चारला मात्र जाग येते, सुट्टी असली तरी. झोपेसाठी अधूनमधून अल्प्राझोलाम घेतो. बाइकवरून रूमवर येताना कधी कधी वाटतं छोटा ॲक्सिडेंट व्हावा, पाय मोडावा, महिनाभर कुणी उठवणार नाही. सीट सोडू का? बाबांना काय सांगू? की मी सर्जन व्हायच्या लायकीचाच नाही?

उत्तर:

बाळ, तू विचारलेले तिन्ही प्रश्न मी शेवटी घेणार आहे, त्याच्या आधी तुझं ते बाइकवरचं वाक्य. पाय मोडावा म्हणजे कुणी उठवणार नाही. रेसिडेंट, म्हणजे शिकता शिकता हॉस्पिटलात राबणाऱ्या डॉक्टर पोरांच्या तोंडून हे मी बऱ्याचदा ऐकलंय, कुणाला टायफॉइड व्हावासा वाटतो, कुणाला कावीळ, आणि सगळे हसत हसतच सांगतात, पण मी ते कधी हसण्यावारी नेलं नाही. म्हणून सरळ विचारते, पेशंटला विचारतो तसं. पाय मोडण्याच्या पुढं विचार जातो का? मरून जावं, आपण नसलेलंच बरं, असं मनात येतं का? कसं करायचं हे डोक्यात येऊन गेलंय का? यातल्या एकाला जरी उत्तर होय असेल तर पुढचं वाचत बसू नको, आत्ता १४४१६ ला फोन लाव. टेली-मानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. आणि रूममेटला सांग की आज मला एकट्याला सोडू नको. रूमवर ज्या काही गोळ्या-इंजेक्शनं साठली असतील ती सगळी त्याच्या ताब्यात दे, अल्प्राझोलाम सुद्धा. मी आयुष्यभर भूल देत आलेली बाई आहे, औषधाचं कपाट हाताशी असलेल्या माणसाचं मन खचलं की काय धोका असतो हे मला ठाऊक आहे म्हणून हे इतक्या जोरात सांगतेय.

उत्तर नाही असेल, पाय मोडण्यापाशीच विचार थांबत असेल, तरी हे वाक्य साधं नाही. इतका थकलायस की हाड मोडलं तरी चालेल पण झोपू द्या, असं तुझं शरीर म्हणायला लागलंय.

आणि ती बाइक आजपासून बंद, म्हणजे पोस्ट-ड्युटीला तरी बंद. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली मोजून दाखवलं होतं की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोकं रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखं चालतं, आणि चोवीस तास झाले की साधारण ०.१० टक्क्यांसारखं. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्याला मर्यादा आहे शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. तू पस्तीस तासांनी बाइकला किक मारतोस. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, मी पेशंटच्या डोक्याशी बसायची, तिथून सर्जनचे मास्कवरचे डोळे समोर दिसतात आणि हातही दिसतात. रात्री तीनच्या पुढं गाठ मारता मारता रेसिडेंटचा हात मधेच थांबतो, दोन सेकंद, धागा बोटात तसाच ताणलेला, पापणी अर्धी खाली, आणि परत हात सुरू होतो. त्याला विचारलं तर म्हणेल मी कुठं झोपलो. हीच मायक्रोस्लीप, आणि हे तुझ्या बाबतीत हायवेच्या सर्व्हिस रोडला झालं तर कडेला उसाची ट्रॉली उभी असते. रिक्षा कर, नाहीतर ज्याची रात्र मोकळी गेलीय त्याला सोडायला सांग, नाहीतर ड्युटी रूममध्येच दीड तास झोपून मग नीघ. रात्रीच्या ड्युटीआधी दुपारी तासभर तरी पडायला मिळालं तर पड, आणि पहाटेची ती शेवटची कॉफी सोड. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, सकाळी झोपायची वेळ येते तेव्हा ते रक्तात असतंच.

आता ते 'मला काहीच वाटलं नाही'. हे तू तुझ्या नालायकीचा पुरावा म्हणून लिहिलंयस, मला त्यात लक्षण दिसतंय. बर्नआउट म्हणजे नुसतं दमणं नव्हे बघ. जागतिक आरोग्य संघटनेनं आयसीडी-११ या आपल्या आजारांच्या वर्गीकरणात त्यात तीन गोष्टी धरल्यात, जीव पार थकून जाणं, कामापासून मन तुटणं आणि त्याबद्दल कडवट होणं, आणि आपण काही कामाचे उरलो नाही असं वाटायला लागणं. तुझ्या पत्रात तिन्ही ओळीनं आलेत. आणि हेही लक्षात घे की त्यांनी त्याला रोग म्हणून नोंदवलेलं नाही, कामाच्या ठिकाणी सतत राहिलेला आणि नीट न हाताळलेला ताण असा तो मांडलाय, म्हणजे त्याचं मूळ तुझ्या स्वभावात शोधायचं नसतं, ड्युटीच्या तक्त्यात शोधायचं असतं. एका रात्रीत चार माणसांच्या वेदना बघायच्या, दोन घरांना वाईट बातमी सांगायची आणि मधे बसून पाणी प्यायला पाच मिनिटं नाहीत, असं महिनोन्महिने चाललं तर मन दार लावून घेतं. त्या पेशंटची केस मॉर्टॅलिटी मीटिंगला, म्हणजे मृत्यूंच्या चर्चेला, मांडली असशील ना, तेव्हा किती तासांनी आणला, आल्यावर बीपी किती होतं, अँटिबायोटिक कधी सुरू झालं हे सगळं विचारलं गेलं असेल, आणि ते विचारायलाच पाहिजे, पण तुला कसं गेलं रे ते, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. पर्फोरेशन होऊन दीड-दोन दिवस गावातच पोटदुखीची इंजेक्शनं घेत राहिलेला आणि मग सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून बीपी कोसळलेल्या अवस्थेत, आलेला माणूस, त्यातले बरेच चांगल्या हातातही जातात. हे तुला पाठ आहे, पण स्वतःला सांगायला वेळ झाला नाही.

आणि मी तुला एक दाखवते. ज्याला खरोखर काही वाटत नाही तो महिन्याभरानं त्या बाईचं 'जेवलासा काय' जसंच्या तसं लिहून पाठवत नाही. ते तुझ्या आत कुठंतरी जाऊन बसलंय, बाहेर यायला जागा नाही एवढंच. हे परत येतं बाळ, झोप मिळाली, उपचार झाले, की परत येतं, मी येताना पाहिलंय, अगदी कोरडे ठक्क झालेले पोरंपोरी वर्षभरानं ओपीडीत म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवून बोलताना पाहिलीत.

पण गणपतीचं वाचून मी थांबले. नुसतं कामानं पिळून निघालेलं माणूस काम सुटलं की दोन दिवसांत थोडं तरी उमलतं, घरचं जेवण गोड लागतं, भावंडांशी दंगा करतं. तू घरी होतास, मोदक होते, आरतीला गल्ली गोळा झालेली, आणि तू उठला नाहीस, आणि सुट्टीतही पहाटे चारला जाग. वजन उतरलंय. हे बर्नआउटच्या पलीकडचं असू शकतं, डिप्रेशन असू शकतं, दोन्ही हातात हात घालून येतात. त्यामुळे सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जा, प्राणायाम कर, असलं काही मी तुला सांगणार नाही. तू मानसोपचार तज्ज्ञाला दाखव. या आठवड्यात. पेशंटनं अंगावर काढलं की आपण चिडतो ना, तू तेच करायलायस.

तुझ्या हॉस्पिटलात दाखवायचं नसेल तर मला कळतं, बेळगाव एवढंसं गाव आहे, ओपीडीच्या बाकड्यावर बसलास की संध्याकाळपर्यंत युनिटला कळतं. मग धारवाडला जा, डिमहान्स आहे तिथं, सरकारी, मनोविकारांसाठीचीच संस्था, बसनं दीड-दोन तास, पोस्ट-ड्युटीला सोडून एखाद्या मोकळ्या दिवशी. जाताना येताना बसमध्ये झोप. नाहीतर गावातलाच खाजगी कुणी बघ जो तुमच्या कॉलेजशी संबंधित नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुझी माहिती गुप्त ठेवायचा हक्क तुला दिलाय, डॉक्टर असलास म्हणून तो कमी होत नाही. आणि डिप्रेशनची गोळी घेतली म्हणून मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन जात नाही, ही भीती खूप जणांना असते म्हणून आधीच सांगते. गोळी चालू झाली तर फरक पडायला दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्त, तेवढा धीर धरायचा आणि आठव्या दिवशी आपल्या मनानं बंद करायची नाही.

अल्प्राझोलामबद्दल त्यांना खरं खरं सांग, किती, किती दिवस. रोज घ्यायची सवय लागली असेल तर एकदम तोडू नको, ती हळूहळू उतरवावी लागते. आपल्याच पॅडवर आपलंच नाव लिहायचं हे आजपासून नाही. त्याबरोबर रक्त तपास, हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, आणि छातीचा एक्स-रे काढ. सात-आठ किलो वजन नुसत्या ताणानंच गेलं असं धरून चालू नको, आपण टीबीच्या वॉर्डातनं रोज फिरतो, किती रेसिडेंटना टीबी निघतो ते तुला वेगळं सांगायला नको.

आता लायकीचं. तुला कुणीतरी म्हणालं असणार, सरांनी किंवा सीनियरनं, आम्ही पण असेच शिकलो. शिकलो की, खोटं नाही ते. पण ही पद्धत काही आकाशातून पडलेली नाही. रेसिडेंटनं हॉस्पिटलातच राहायचं, दिवसरात्र, वर्षानुवर्षं, ही चौकट १८८९ च्या सुमाराला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हालस्टेडनं बसवली. फार मोठा सर्जन, आम्हा भूलवाल्यांना तर तो जवळचा, कारण कोकेन वापरून नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नस बधिर, करायचे प्रयोग त्यानंच केले, आणि ते स्वतःवर करता करता तो कोकेनच्या आहारी गेला, पुढं मॉर्फिन लागलं ते शेवटपर्यंत सुटलं नाही. अशा माणसानं आखलेल्या दिवसाच्या मापानं आजच्या पोरांची लायकी मोजायची हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही.

जगानं हे माप बदललंही. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी रात्री ॲडमिट झाली आणि सकाळपर्यंत गेली, तिला बघणारे रेसिडेंट किती तास जागे होते, त्यांच्यावर कोण लक्ष ठेवून होतं, हा प्रश्न तिच्या वडिलांनी लावून धरला, आणि १९८९ पासून त्या राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, २००३ ला अख्ख्या अमेरिकेत. आपल्याकडे तर त्याहून कडक कागद आहे. केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलंय की साधारणपणे सलग १२ तासांपेक्षा जास्त नको आणि आठवड्याला ४८ तास. एनएमसी म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, त्याच्या २०२३ च्या पीजी, म्हणजे पदव्युत्तर, नियमांत तासांचा आकडा नाही, 'वाजवी' तास आणि विश्रांतीला वाजवी वेळ असं आहे, पण रजा स्पष्ट आहे, वर्षाला किमान २० दिवस पगारी कॅज्युअल लीव्ह, आठवड्याला एक सुट्टी कामाची निकड बघून, आणि ५ दिवस अकॅडमिक लीव्ह. २०२४ ला एनएमसीच्याच टास्क फोर्सनं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला, त्यात आठवड्याला ७४ तासांच्या वर नको अशी शिफारस आहे. मला विचारशील तर ७४ पण जास्तच, पण तू आज जे करतोस त्याच्यापुढं ते सुद्धा सुट्टीसारखं वाटेल. हे आकडे तुला तोंडपाठ पाहिजेत, भांडायला नाही, रजा मागताना आपण भीक मागतोय असं वाटू नये म्हणून.

सर्जरी शिकायला तास लागतात हेही खरं आहे, हात बसायला केसेस लागतात, ते मी नाकारत नाही. पण तुझे पस्तीस तास नक्की कशात जातात ते एकदा लिहून काढ ना. ब्लड बँकेत फॉर्म घेऊन उभं राहणं, सीटीला ट्रॉली ढकलत नेणं, आयुष्मान योजनेच्या प्री-ऑथसाठी, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीसाठी, फोटो काढून अपलोड करणं आणि क्वेरी आली की परत अपलोड करणं, डिस्चार्ज समऱ्या. आणि तुझ्यावर आणखी एक आहे जे ड्युटीच्या तक्त्यात दिसत नाही. तू मराठी बोलतोस. चंदगडचा, गडहिंग्लजचा पेशंट आला, खानापूरच्या रानातली म्हातारी आली की दुसऱ्या युनिटवाले पण तुलाच बोलावत असणार, ये रे जरा यांना समजावून सांग, कन्सेंट घे. वर गावाकडनं रात्री-अपरात्री फोन, आमच्या पाहुण्याला ॲडमिट करून घे, बिल कमी करून दे, एवढं साहेबांना सांग. प्रेमानंच करतात लोक, त्यांचा एकुलता एक माणूस तू आत आहेस, त्यांना दुसरा कोण आहे. पण हा सगळा भार तूच का उचलायचा? घरातल्या एका भावाचा किंवा चुलत्याचा नंबर सगळ्यांना द्यायचा, फोन त्याला येतील, त्यातलं खरंच इमर्जन्सी असेल ते तो तुला सांगेल. तुझा फोन झोपेच्या वेळी बंद. खानापूरकर रागावतील चार दिवस, रागावू देत.

तास हा अर्धाच भाग आहे बघ. अमेरिकेत २०१९ साली एक मोठा अभ्यास छापून आला, ७,४०९ जनरल सर्जरी रेसिडेंट, म्हणजे तिथले जवळजवळ सगळेच, आणि ८० तासांची मर्यादा असताना सुद्धा त्यातल्या ३८.५ टक्क्यांना दर आठवड्याला बर्नआउटची लक्षणं होती, ४.५ टक्क्यांच्या मनात वर्षभरात आत्महत्येचा विचार येऊन गेला होता. आणि ज्यांना सारखं शिवीगाळ, अपमान, भेदभाव सोसावा लागत होता त्यांच्यात हे दोन्ही खूपच जास्त. मला हे वाचून नवल वाटलं नाही. ओटीत इन्स्ट्रुमेंट फेकून मारणारे, पेशंट टेबलवर असताना आईबापाचा उद्धार करणारे मी पाहिलेत, आणि ते ऐकून घेणारं पोर दुसऱ्या दिवशी वॉर्डात तेच शब्द खालच्यावर टाकताना पण पाहिलंय.

म्हणूनच ती फर्स्ट इयरची मुलगी. तिच्याकडे जा. तुझं काय चाललंय याची कहाणी सांगू नको, नाहीतर तिलाच तुझी समजूत घालत बसावं लागेल. एवढंच म्हण, त्या दिवशी वॉर्डात सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं, परत होणार नाही, काही राहिलं असेल तर बाजूला घेऊन सांगेन. आणि हे शक्यतो वॉर्डातच म्हण, सिस्टर ऐकतील तिथं, कारण ओरडणं त्यांच्यासमोर झालं होतं. तुझ्या सीनियरला तू बदलू शकत नाहीस, हे मात्र तुझ्या हातात आहे, आणि मी सांगते तुला त्या रात्री जरा बरी झोप लागेल. तुझ्यावर कुणी असंच करत असेल, सततचं, ठरवून, तर ते एनएमसीच्या २०२१ च्या रॅगिंगविरोधी नियमांत बसू शकतं, तारखा लिहून ठेवायला लाग.

आता रजा. दोन आठवडे सलग. मधे चार तास झोपून परत जाण्यानं हे भरून येणार नाही. शेतकऱ्याच्या घरचा आहेस, नांगरटीच्या दिवसांत सुद्धा दुपारी बैलाच्या मानेवरचं जू काढून सावलीला बांधतातच की. मानसोपचार तज्ज्ञाला दाखवलंस की ते मेडिकल सर्टिफिकेट देतील, त्यात काय लिहायचं हे त्यांच्याशी बोलून ठरव, सगळा तपशील लिहायलाच पाहिजे असं नाही. हजेरी ८० टक्के लागते, दोन आठवड्यांनी ती बुडत नाही, उरलेल्या रजेचा हिशोब घालून बघ.

गाइडकडे जाताना राउंडच्या मधे, कॉरिडॉरमध्ये पकडू नको. वेळ मागून घे, बसून बोल. 'सर, मला झेपत नाही' असं म्हणू नको, कारण त्यावर पुढचं उत्तर ठरलेलं असतं. केस सांगतो तसं सांग. सर, गेले अमुक आठवडे मी सलग इतके तास काम केलंय, झोप तीन-चार तास, वजन सात-आठ किलो कमी झालंय, बाइकवर डुलकी लागते, मी डॉक्टरांना दाखवलंय, त्यांनी दोन आठवडे विश्रांती सांगितलीय, माझ्या इमर्जन्सी डेला अमुक जण तयार आहे, मी आल्यावर त्याचे दोन करीन. आणि तेच सगळं ई-मेलवर त्याच दिवशी. को-पीजींना आधी विश्वासात घे, त्यातला एक तरी म्हणेल अरे माझंही हेच चाललंय. सर नाही म्हणाले तर एचओडी, तिथं नाही झालं तर प्रिन्सिपॉल, लेखी. बरेच सर वाटतात तेवढे कठोर नसतात, त्यांना कुणी कधी असं समोर बसून सांगितलेलंच नसतं. थोडे असतात कठोर, त्यांच्यासाठी तो ई-मेल.

परत आल्यावर डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे, म्हणजे पीजीत जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात काढायचे, तीन महिने बाकी असतील तर ते लवकर घालून मिळतात का बघ, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी रोज थोडंतरी वेळेत जेवायला मिळतं, आणि हर्निया-अपेंडिक्स स्वतःच्या हातानं करायला मिळाले की हात परत आपला वाटायला लागतो.

बाबांना काय सांगायचं. खरं सांगायचं, पण फोनवर नको, ते घाबरतील आणि गल्लीत चार जणांना विचारतील. रजेच्या पहिल्या दिवशी घरी जा, आईच्या समोर सांग की मी आजारी आहे, झोपेचा आणि मनाचा आजार आहे, औषध चालू आहे, बरा होणार आहे. सीटचा विषय त्या दिवशी काढू नको. बाबांना बोर्डाची काळजी असेल असं तुला वाटतंय, आणि असेलही थोडी, पण पोरगं सात-आठ किलो उतरून दारात उभं राहिलं की बापाला बोर्ड आठवत नाही. ते म्हणतील देवाला जाऊन येऊ, तर जाऊन ये त्यांच्याबरोबर, गोळी मात्र चुकवू नको.

आणि सीट. सोडू नको असं मी म्हणत नाहीये, आज ठरवू नको असं म्हणतेय. तीन-चार तासांच्या झोपेवर तू कुणाच्या पोटावर सुरी ठेवायचा निर्णय एकट्यानं घेतोस का? सीनियरला फोन लावतोसच ना. मग हा निर्णय तरी तसा का घ्यायचा. रजा होऊ दे, औषधाला सहा-आठ आठवडे होऊ देत, मग एका कागदावर लिही, मला सर्जरी नकोय की मला ही सर्जरीतली वागणूक नकोय. पहिलं असेल तर सोडणं ही काही नाचक्की नाही, सर्जरी सोडून रेडिओलॉजी, माझी भूल, पॅथॉलॉजी, फॅमिली मेडिसिन यात गेलेले आणि सुखात असलेले डॉक्टर मला माहीत आहेत. त्याआधी ॲडमिशनच्या वेळी सह्या केलेले बाँडचे कागद काढून वाच, सोडताना किती भरावे लागतील, पुढच्या नीट-पीजीला बसायला काही अट आहे का, ओरिजिनल सर्टिफिकेटं कुणाकडे आहेत, हे सगळं एखाद्या वकिलाला दाखवून घे. दुसरं असेल, म्हणजे टेबलवर उभं राहिल्यावर अजूनही कुठंतरी बरं वाटत असेल, तर उरलेलं दीड वर्ष कसं काढायचं याचा आपण परत बोलून विचार करू. लायकीचा प्रश्न मी या दोन्हीत धरतच नाही.

नाव-गाव काही छापलेलं नाही, छापणारही नाही. धारवाडला किंवा जिथं ठरवशील तिथं कुठल्या तारखेला दाखवतोयस तेवढं या रविवारपर्यंत मला कळव, आणि वर जे सरळ विचारलं त्याचं उत्तरही त्यातच लिही.